रिद्धपूरहून प्रवाळांकडे : एका डुबकीचे नियोजन

रिद्धपूरच्या माणसाने समुद्रतळाशी जाण्याविषयी लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहे, हे आरंभीच मान्य करतो. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाला, फार तर मोर्शीजवळचे ऊर्ध्व वर्धा धरण. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हां चौघा मित्रांच्या डोक्यात प्रवाळ पाहण्याचे खूळ शिरले.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला सुनील गावसकरांचा 1971 सालचा दौरा आठवतो. त्याच साली जाक कुस्तो हे फ्रेंच संशोधक त्याच समुद्रात, बेलीझ देशाजवळच्या प्रवाळांमधील 'ग्रेट ब्लू होल' नावाच्या अजस्र विवराचा शोध घेत होते. तिकडे जाणे आपल्या खिशाला झेपणारे नव्हे. म्हणून आम्ही नकाशात घरचा कॅरिबियन शोधू लागलो आणि तो सापडलाही! विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर भर समुद्रात 'आंग्रिया बँक' आहे. ही पैशांची बँक नव्हे. पाण्यात बुडालेले ते प्रवाळांचे पठार आहे. लांबी सुमारे 40 किलोमीटर, रुंदी सुमारे 15. नाव अर्थातच कान्होजी आंग्रे यांचे.

आता हिशेब मांडू. ताशी 20 किलोमीटर वेगाची बोट धरली, तरी जायलाच पाच तासांवर लागतात. तेथे बेट नाही, झाड नाही, डॉक्टर नाही. मुक्काम बोटीवरच. शिवाय पठाराचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटर. नवशिक्याला पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंतच जाण्याची मुभा असते. म्हणजे आंग्रियाचे दार आमच्यासाठी दोन मीटरने बंद!

हे दोन मीटर क्षुल्लक का नाहीत, ते समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल. हवेचा जेवढा दाब आपण जमिनीवर सोसतो, तेवढाच दाब पाण्यात दर 10 मीटरला वाढतो. 10 मीटरवर तो दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट. दाब वाढला की हवेचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा रॉबर्ट बॉइल यांचा 1662 सालचा नियम आपण शाळेत घोकला आहे. 10 मीटरवर टाकीतील हवेने छाती भरून घेतली आणि श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट होऊ पाहील आणि फुप्फुस फाटेल. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखू नये.

टाकीचेही गणित आहे. 12 लिटरच्या टाकीत 200 पट दाबाने हवा भरली, तर ती 2400 लिटर होते. त्यातील चौथा हिस्सा परतीसाठी राखीव ठेवायचा, उरली 1800. मिनिटाला 20 लिटर लागतात असे धरले, तर काठावर ती दीड तास पुरेल. 20 मीटरवर मात्र तिप्पट हवा लागते, म्हणजे फक्त अर्धा तास. शिवाय दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईने वर आल्यास सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला 9 मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पृष्ठभागाखाली 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे. त्याच दिवशी विमानाने किंवा आंबोलीसारख्या उंच घाटाने परतीचा प्रवासही करू नये. एस.टी.चे तिकीट काढताना आम्हांला हे सुचले असते का?

स्नॉर्केलिंग त्या मानाने गरिबाघरचे. तोंडात वाकडी नळी, डोळ्यांवर काच आणि पाण्यावर पालथे तरंगणे. ही नळी लांब करून खोल का जाऊ नये, असा प्रश्न आमच्यातील एकाने विचारला. उत्तर पुन्हा दाबाचेच आहे : मीटरभर खाली गेले, तरी पाण्याच्या दाबाविरुद्ध छाती फुगवून वरची हवा ओढणे जड होते.

मग आम्ही एकमेकांची झडती घेतली. चौघांपैकी पोहता येणारा एकच, तोही विहिरीत शिकलेला. प्रमाणपत्रासाठी मात्र 200 मीटर न थांबता पोहावे लागते आणि 10 मिनिटे तरंगावे लागते. दुसऱ्याला दमा; तो ही गोष्ट अर्जात लपविणार होता. दम्याच्या रोग्याने डॉक्टरांच्या परवानगीवाचून टाकी पाठीवर घेणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या रात्री खोलीत बरीच वादावादी झाली. 'माझ्यामुळे बेत मोडू नका,' असे म्हणून तो रुसून बसला. पण पाण्याखाली प्रत्येकाचा जीव जोडीदाराच्या हाती असतो. जो सोबत्यापासून आजार लपवितो, तो स्वतःबरोबर त्यालाही बुडवितो, हे अखेर त्यालाच पटले.

शेवटी बेत ठरला तो मालवणचा. 1987 साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात प्रवाळ दिसतात. अमरावतीहून रेल्वेने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एस.टी. पावसाळ्यात समुद्र बंद. म्हणून दिवाळीनंतरचे दिवस धरावेत. तोवर आम्ही अमरावतीच्या तरणतलावात पोहणे शिकत आहोत, दमेकरी मित्रासुद्धा, डॉक्टरांना विचारून.

जाणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. प्रवाळ हा दगड नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे आणि त्यांच्या शरीरातील शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. आधीच संकटात असलेल्या त्या जिवांवर आपण पाय देऊन उभे राहू नये. तुकडा तोडून आणणे तर कायद्यानेही गुन्हा आहे.

आंग्रिया बँक कोठे पळून जात नाही. तिच्यात खाते उघडायचे, तर आधी पोहण्याची, आरोग्याची आणि खरेपणाची ठेव जमवावी लागेल, एवढे आम्हांला कळले. आमचा आरंभ तरणतलावाच्या उथळ टोकापासून झाला आहे.