जुन्या जीपचे पाटे
पाटे किंवा कमानपाटे हे गाडीच्या सांगाड्याचा भार आसांवर (ॲक्सलवर) पेलणारे, एकावर एक रचलेल्या वक्र पोलादी पानांचे संच होत. महिंद्रा अँड महिंद्राने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईतील माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली. चारही चाकांना गती देणाऱ्या या जीपमध्ये पुढच्या व मागच्या, दोन्ही आसांना पाटेच असत.

मूळ पाटे न मिळाल्यास ते घडवून घ्यावे लागतात. सिलिकॉन-मँगनीज पोलादाची पट्टी तापवून तिला बाक देतात आणि सुमारे ८५०–९०० अंश सेल्सियसला तेलात बुडवितात. लोहार यालाच पाणी देणे म्हणतात. एवढ्यावर थांबल्यास पान ठिसूळ राहते. म्हणून ते सुमारे ४५०–५०० अंशांवर पुन्हा तापवून त्यात चिवटपणा आणतात. तुटलेले पान वेल्डिंगने सांधणे धोक्याचे असते, कारण उष्णतेने सांध्यालगतचे पाणी उतरते आणि पान तेथेच पुन्हा तुटते. मुख्य पान तुटल्यास आस जागेवरून सरकू शकतो.

जादा बाक देऊन जीप उंच करण्याची हौसही आढळते. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे सांधे लवकर झिजतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई आहे.