मन्याबापू भोसले : अडगावचे सेनापती

व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू हे नागपूरकर मुधोजी भोसल्यांचे पुत्र आणि दुसऱ्या रघुजींचे धाकटे भाऊ. छत्तीसगडचा कारभार त्यांच्याकडे होता. युरोपात नेपोलियनचा उत्कर्ष चालू असताना, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, त्यांनी वऱ्हाडात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला तोंड दिले. रणभूमी होती आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातील अडगाव. मराठी तोफा धडाडताच, आधी असईच्या लढाईत टिकून लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या तीन पलटणी पळत सुटल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले. भोसल्यांच्या अरब शिपायांनी इंग्रजी पायदळावर थेट चाल केली आणि शेकड्यांनी प्राण दिले. त्यांचे शौर्य वादातीत आहे. संध्याकाळपर्यंत मात्र फौज मोडली, अडतीस तोफा गेल्या.

१५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. गाविलगड व नरनाळा तेवढे राहिले. मन्याबापूंचे निधन १८११ मध्ये काशीत झाले. पुढे चार वर्षांनी, तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या वेलस्लीने वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव केला.