18 ग्रॅम म्हणजे किती मोल?

नववीत मोलची तोंडओळख होते आणि अकरावीत तोच मानगुटीवर बसतो. सदाशिव पेठेतल्या क्लासात सरांनी विचारावं, "18 ग्रॅम म्हणजे किती मोल?", की कोणीतरी "एक!" म्हणणारच. पण कशाचे 18 ग्रॅम? पाण्याचे असतील तर एक मोल, साखरेचे असतील तर मोलचा जेमतेम एकोणिसावा भाग. मोल हे वजनच नाही. डझनासारखी ती मोजणी आहे, फक्त आकडा अवाढव्य: 6.022 × 10²³, म्हणजे सुमारे 602 कोटी कोटी कोटी.

दुसरा गैरसमज यातूनच निघतो: वजन सारखं, तर रेणूही सारखे. अमृततुल्यच्या चहात पडणारी साखर पाच ग्रॅम धरू. साखरेचं रेणुवस्तुमान 342. पाचाला 342 ने भागलं की 0.0146 मोल, त्याला 6.022 × 10²³ ने गुणलं की 8.8 × 10²¹ रेणू. पाच ग्रॅम पाण्यात मात्र याच्या एकोणीसपट रेणू असतात, कारण पाण्याचा रेणू तेवढाच हलका. रेणूंवरून ग्रॅमकडे यायचं तर उलट चाला: आधी 6.022 × 10²³ ने भागाकार, मग 342 ने गुणाकार. घाईत कोणी पाचाला 342 ने गुणलं तर 1710 मोल येतात. एवढी साखर जवळपास सहा क्विंटल भरेल! उत्तर पुसायला एवढी शंका पुरे.

मिठाचे 'रेणू' काढा म्हणणारे प्रश्नही सर्रास दिसतात. घन मिठात सुटे रेणू नसतातच. सोडियम आणि क्लोराइड आयनांची अखंड जाळी असते. 58.5 ग्रॅम मिठात एक मोल सोडियम आयन आणि एक मोल क्लोराइड आयन, एवढंच म्हणता येतं. तसंच 'ऑक्सिजनचा एक मोल' हा शब्दप्रयोग अर्धवट आहे. अणू म्हणायचे असतील तर 16 ग्रॅम, रेणू म्हणायचे असतील तर 32.

6.022 × 10²³ हा आकडा अ‍ॅव्होगॅड्रोने मोजला, हाही समजच. समान तापमानाला आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हे त्याने 1811 मध्ये मांडलं. ती संख्या किती, हे कळायच्या आत 1856 मध्ये तो वारला. त्याचं नाव आकड्याला दिलं ते शास्त्रज्ञ पेरँने, 1909 मध्ये. आणि 20 मे 2019 पासून मोलची व्याख्या 12 ग्रॅम कार्बन-12 वर टेकलेली नाही, 6.02214076 × 10²³ हा आकडाच ठरवून पक्का केला आहे.

सगळ्यांत चिवट समज म्हणजे एक मोल कशाचाही असो, जागा 22.4 लिटर. हा आकडा द्रव-घनांना लागूच नाही: एक मोल पाणी मावतं 18 मिलिलिटरमध्ये. वायूंसाठीही तो शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबापुरताच. 1982 पासून आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब एक बार धरल्यावर तो 22.7 झाला. आता पुण्याचं पाहा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब साधारण 950 हेक्टोपास्कल. तापमान 30 अंश धरलं तर इथे एक मोल वायूला जवळपास साडेसव्वीस लिटर जागा लागते. म्हणून गणितात 'शून्य अंश, एक वातावरण' असेल तरच 22.4 घ्या, दुसरं तापमान किंवा दाब दिला असेल तर वायूचं समीकरण मांडा, आणि तापमान केल्व्हिनमध्ये करायला विसरू नका.