मुंबई–लंडन : गळत गेलेले थांबे

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. विमानांचा वेग वाढत गेला म्हणून हा प्रवास आवाक्यात आला, असं आपण धरून चालतो. मागचा हिशेब मांडला की चित्र वेगळं दिसतं.

बोटीच्या जमान्यात तर अंतरच घटलं. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालणारा जवळपास 19,800 किलोमीटरचा जलमार्ग 11,600 वर आला. तरी पंधरवडा मोडायचाच. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी 29 ऑगस्ट 1931 रोजी 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघाले, मार्सेलला उतरून पुढे रेल्वेने गेले आणि 12 सप्टेंबरला लंडनला पोचले.

विमानसेवा तेव्हाही होती, पण कराचीपर्यंत. इम्पीरियल एअरवेजने ती 1929 मध्ये सुरू केली तेव्हा लंडनहून कराचीला आठवडा लागे, आणि त्यातला बाझेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीचा होता, कारण फ्रान्सकडून हवेतून इटलीत शिरायला मुभा नव्हती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा कुठे मुंबई या मार्गाला जोडली गेली.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान 35 प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि वेग ताशी 900 किलोमीटरच्या घरात गेला. आजचं ड्रीमलायनरही साधारण त्याच वेगाने उडतं! म्हणजे 1960 नंतर वाचलेला वेळ आहे तो थांब्यांचा.

थांब्यांची किंमत नुसत्या तासांत मोजून भागत नाही. 3 नोव्हेंबर 1950 रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाकडे जाताना मों ब्लांवर आदळलं. 48 जण गेले. प्रवासी होते ते इंग्लंडला बोटीवर कामाला रुजू व्हायला निघालेले खलाशी. पुढे तिथेच दगावलेल्या अणुशास्त्रज्ञ होमी भाभांसारखं त्यांचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' विमान त्याच शिखराजवळ कोसळलं, तेही जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना. भाभांसह 117 जण त्यात दगावले. 2020 मध्ये तिथल्या हिमनदीतून त्या विमानातली वर्तमानपत्रं बाहेर आली. वाळवल्यावर इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदी निवडीचे मथळे स्वच्छ वाचता येत होते.

आता मुलाकडे निघालेल्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना घरात पहिला प्रश्न असतो, "डायरेक्ट आहे ना?" जाताना साधारण दहा तास; येताना पश्चिमेकडून वाहणारा उंचावरचा जोरकस वारा पाठीशी असल्याने बहुधा तासभर कमी.

पण वाट मोकळी असेल तरच. फेब्रुवारी ते जुलै 2019 पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल 2025 मध्ये ते भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं, आणि लंडनकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून आखाताच्या बाजूने जावं लागलं. वाढलेल्या वेळेचं इंधन त्यांना मुंबईतच भरून निघावं लागे.