हसता हसता गळा दाटावा अशा कादंबऱ्या

सुट्टीत मुलींच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, असे अनेक भगिनी आम्हांला विचारतात. प्रेमकथा म्हटली की अम्मींच्या कपाळाला आठी, रहस्यकथा म्हटली की नुसते रक्त! म्हणून माय-लेकींनी मिळून वाचाव्यात अशा तीन इंग्रजी कादंबऱ्या येथे सुचवत आहोत.

उज्मा जलालुद्दीन यांची ‘आयेशा ॲट लास्ट’ (२०१८) घडते टोरांटोत. लेखिका स्वतः शिक्षिका, त्यामुळे आम्हांला कौतुक जरा जास्तच! नायिका आयेशा कविता करते, पोटासाठी शाळेत बदली शिक्षिका आहे. नायक खालिदला दाढी आहे, अंगात पांढरा लांब झब्बा, डोक्यावर टोपी. रिश्ता अम्मी ठरवतील यावर त्याचा पूर्ण भरवसा. असा तरुण कथेत एरवी नायक होतच नाही. ऑफिसातली वरिष्ठ बाई पेहरावावरून त्याच्यामागे लागते, आणि आयेशाही त्याला पाहताच कर्मठ ठरवून मोकळी होते. त्यात तो तिला तिची मामेबहीण समजून बसतो! शेक्सपिअरवेडे नाना तर खदखदून हसवतात. पण खालिदची एक बहीण आहे, इज्जतीच्या नावाखाली घराने दूर धाडलेली. तिचा विषय निघाला की हसू ओठांवरच थांबते. मुलाचा रिश्ता शोधणाऱ्या आयांनी ती पाने जरूर वाचावीत.

याच लेखिकेची ‘डिटेक्टिव्ह आंटी’ (२०२५) आम्हांला अधिक आवडली. कौसर खान विधवा आहेत. मुलीच्या दुकानाच्या मालकाचा खून होतो, संशय मुलीवर येतो, आणि कौसर टोरांटोत परततात. वयस्क बाईसमोर लोक बिनधास्त बोलतात, हेच त्यांचे हत्यार. नवऱ्यामागे बाईने कोपऱ्यात तसबीह घेऊन बसावे, एवढीच ज्यांची अपेक्षा असते, त्यांना कौसरबी चांगल्याच भारी पडतात.

जेसी सुतांतो यांच्या ‘व्हेरा वाँग्स अनसॉलिसिटेड ॲडव्हाइस फॉर मर्डरर्स’मधली (२०२३) व्हेरा साठीची. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये तिचे चहाचे दुकान. तेथे प्रेत सापडते आणि ही बाई संशयितांनाच जेवू घालते! मुलगा मेसेजला धड उत्तर देत नाही, हे तिचे खरे दुखणे. मधली काही प्रकरणे लांबली आहेत, ती भरभर उलटावीत.

इंग्रजी जड वाटले तर कॉलेजातल्या लेकीने रोज एक प्रकरण वाचून रात्रीच्या जेवणानंतर सर्वांना सांगावे. सुरुवात ‘डिटेक्टिव्ह आंटी’ने करावी. खुनी कोण, याचा अंदाज प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून ठेवावा. दादीचीही चिठ्ठी घ्यावी.