संगणकाचा पहारेकरी

घरोघर जाऊन संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाचे स्वागत बहुधा एकाच वाक्याने होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही चाळीत जा, कोणत्याही ब्लॉकात जा, दार उघडणारे आजोबा असोत की नववीतला मुलगा, पायांतल्या चपला निघण्यापूर्वीच कानांवर येते, "काल तर अगदी व्यवस्थित चालत होता हो!" जणू कालचा चालता संगणक आज बंद पडणे ही आमचीच काही लबाडी आहे.

पण या वाक्यात पुष्कळदा खरा सुगावा दडलेला असतो. काल चालत होता आणि आज चालत नाही, याचा अर्थ काल आणि आज यांच्या दरम्यान काहीतरी बदललेले असते. ते काय, एवढे सापडले की अर्धी दुरुस्ती झाली.

२००९ सालच्या पावसाळ्यात डोंबिवलीहून एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. घरात माणसे दोनच, बाई आणि बारावी झालेली त्यांची मुलगी. मुलीचा एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज इंटरनेटवरून भरावयाचा होता. मुदत त्याच रात्री बारापर्यंत. आणि घरच्या संगणकावरचा ब्राउझर उघडल्याबरोबर मिटत होता. मी पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. बाहेर पाऊस मी म्हणत होता आणि जवळचे सायबर कॅफे वीज गेल्यामुळे बंद होते. मुलगी कागदपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिचा चेहरा पाहून चहाला नको म्हणावेसे वाटले.

संगणकासमोरच्या खुर्चीत शेजारचे एक गृहस्थ आधीच विराजमान झाले होते. असे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. फ्यूज तेच बदलतात, पाण्याच्या टाकीचा पंप तेच चालू करतात, आणि औषधेही तेच सुचवतात. मला पाहताच त्यांनी पडद्याकडे बोट केले. तिथे एक छोटी चौकट होती. मथळा, 'डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन'. खाली मजकूर, की आपल्या संगणकाच्या संरक्षणासाठी विंडोजने हा प्रोग्राम बंद केला आहे. आणि प्रोग्रामाचे नाव, इंटरनेट एक्स्प्लोरर.

"बघा म्हणजे झालं!" गृहस्थ म्हणाले. "विंडोज आपल्याच ब्राउझरला बाहेर काढतंय! हे संरक्षण-बिंरक्षण मुळातूनच काढून टाका. बूट डॉट आयएनआय फाइल उघडायची, त्या ओळीत 'ऑल्वेज ऑफ' लिहायचं, की मिटली कटकट. आमच्या ऑफिसात तेच केलंय."

उपाय खोटा नव्हता. तसे केल्यावर चौकट खरोखरच आली नसती. पण बाईंनी विचारले, "भाऊ, ते काढलं तर पुढे काय? माझं बँकेचं सगळं याच संगणकावर असतं."

प्रश्न लाखमोलाचा होता. त्याचे उत्तर वाचकांना द्यावयाचे तर हा पहारेकरी कोण, कुठला, हे आधी सांगितले पाहिजे.

एका कचेरीत एक कारकून आहे अशी कल्पना करा. कमालीचा चपळ, कमालीचा आज्ञाधारक, आणि अक्कल मात्र औषधालाही नाही. त्याच्या टेबलावर साहेबांचे हुकूम येतात, तसेच लोकांचे अर्जही येतात. दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत. कोणता हुकूम आणि कोणता अर्ज, हे कागदाकडे पाहून कळत नाही. संगणकाची मेमरी म्हणजे हे टेबल आणि प्रोसेसर म्हणजे हा कारकून. मेमरीत प्रोग्रामाच्या सूचनाही आकड्यांत असतात आणि तुमचे नाव, पत्ता, छायाचित्र हेही आकड्यांतच असते.

आता अर्जावर नावासाठी वीस घरे आखलेली आहेत, आणि त्यांच्या लगतच कारकुनाने स्वतःसाठी टिपून ठेवले आहे, 'हे आटोपल्यावर अमुक पानावर परत जावे.' एखादा लबाड माणूस वीस घरांत मावणार नाही एवढे लांबलचक नाव लिहितो. अक्षरे घराबाहेर सांडतात आणि नेमकी त्या टिपणावर चढतात. टिपणाच्या जागी आता असते, 'हा अर्जच पुढचा हुकूम समजावा.' कारकून निमूटपणे अर्ज वाचू लागतो आणि त्यात लिहिले आहे तसे करू लागतो! नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत 'ध'चा 'मा' करायला निदान मूळचा हुकूम तरी लागला होता. इथे अख्खा हुकूमच परक्याचा.

हे नुसते तर्कट नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या प्रोग्रामाने हजारो संगणक ठप्प केले. त्याच्या युक्त्यांपैकी एक हीच होती. 'फिंगर' नावाच्या सेवेत येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ घरे राखलेली होती. त्याने ५३६ अक्षरे पाठवली. जादा चोवीस अक्षरांनी काम केले. पंधरा वर्षांनी, २००३ च्या ऑगस्टमध्ये, 'ब्लास्टर' नावाचा किडा याच जातीच्या फटीतून विंडोजमध्ये शिरला. त्या दिवसांत आम्हां दुरुस्तीवाल्यांना जेवायला फुरसत नव्हती. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. लोक घाबरून वायरच उपटून ठेवीत.

यावरचा तोडगा विचारांत साधा आहे. टेबलाचे भाग पाडावयाचे. अर्जांच्या ट्रेवर शिक्का मारावयाचा, 'यातील कागदावर हुकूम म्हणून अंमल करू नये.' हा शिक्का ओळखण्याची सोय एएमडी कंपनीने २००३ साली आपल्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांत आणली. पाठोपाठ इंटेलनेही आणली. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर तिचा वापर सुरू केला आणि तिलाच 'डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन' म्हटले. ट्रेमधल्या कागदावर अंमल होताना दिसला की हा पहारेकरी चौकशी करीत बसत नाही. तो प्रोग्रामच बंद करतो. उद्धट वाटतो खरा, पण अर्ध्यावर बदललेला हुकूम पुढे चालू देण्यापेक्षा कचेरी बंद करणे बरे.

मग बाईंच्या संगणकात चोर शिरला होता काय? शक्यता होती. पण 'काल चालत होता' हे वाक्य मी विसरलो नव्हतो. "काल रात्री काही नवीन बसवलंत का?" असे विचारताच मुलगी म्हणाली, "हो, अपडेट आलं होतं. नवा एक्स्प्लोरर, आठवा."

गाठ सुटली. सातव्या आवृत्तीत ब्राउझरवर हा पहारा नव्हता, कारण ब्राउझरला चिकटणारी जुनी ॲड-ऑन त्या पहाऱ्याखाली चालत नसत. २००९ च्या मार्चमध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकवर पहारा मुळातच चालू ठेवला. जुनी ॲड-ऑन काही चोर नव्हती. ती ज्या साधनांनी बांधली होती त्यांतली काही साधने चालता चालता सूचनांचे छोटे तुकडे तयार करून ते अर्जांच्याच ट्रेमध्ये ठेवीत आणि तिथूनच चालवीत. वर्षानुवर्षे कुणी हटकले नव्हते. काल रात्री पहारेकरी आला आणि हटकले!

'ॲक्सेसरीज'मधल्या 'सिस्टिम टूल्स'मध्ये एक्स्प्लोरर ॲड-ऑनशिवाय उघडण्याची सोय होती. तसा उघडला. मिनिट गेले, दोन गेली. ब्राउझर मिटला नाही. मी तडक उठलो आणि मुलीला खुर्चीत बसवले. रोगाचे नाव शोधण्यापेक्षा आधी अर्ज भरणे महत्त्वाचे होते. पावणेनऊपर्यंत अर्ज दाखल झाला. बाईंनी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले.

पण पावतीचे घोडे अडले. पावती पीडीएफ होती, आणि ॲड-ऑन बंद असल्यामुळे ती पडद्यावर उमटेना. छापील पावती जपून ठेवा, असे अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलेले. तेव्हा गुन्हेगार शोधणे आलेच. यादीत अकरा ॲड-ऑन होती. एकेक तपासत बसलो असतो तर रात्र गेली असती. म्हणून निम्मी बंद केली, निम्मी चालू ठेवली. मिटला, म्हणजे दोषी चालू असलेल्यांत. त्यांचे पुन्हा दोन भाग. चौथ्या फेरीला पत्ता लागला. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचा एक टूलबार होता, माझा संशय त्याच्यावर. तो निर्दोष निघाला. दोषी होते ते नेमके पीडीएफ दाखवणारेच, पाच वर्षांपूर्वीचे, ब्राउझरबरोबर आपणही जागे होणारे. त्याची नवी आवृत्ती उतरवायला त्या काळच्या ब्रॉडबँडला पाऊण तास लागला. बसवली, ॲड-ऑन सगळी चालू केली, पहारा जागच्या जागी, आणि पावणेअकराला पावती छापून निघाली. शेजारचे गृहस्थ तोवर थांबले होते. छत्री उघडता उघडता म्हणाले, "एकदा आमच्या ऑफिसातही डोकावून जा."

नवी आवृत्ती मिळालीच नसती तर? मग ते ॲड-ऑन काढून टाकावयाचे आणि त्याच्याविना भागवावयाचे. इतर जुन्या, पण खात्रीच्या प्रोग्रामांसाठी विंडोजमध्ये सवलतीची यादी असे. त्या एकट्याचे नाव तिच्यात घालावे, सगळ्या घराचा पहारा उठवू नये. ब्राउझर एखाद्याच अनोळखी पानावर मिटत असेल, तर तो खरा चोर असू शकतो; त्या पानाकडे फिरकूच नये. आणि आज हा प्रोग्राम, उद्या तो, असे कसेही मिटू लागले तर मेमरीची पट्टी तपासून घ्यावी. सदोष पट्टीही असले सोंग आणते.

हा पहारेकरी सर्वज्ञ आहे असे मात्र समजू नये. बाहेरचा हुकूम चालत नाही म्हटल्यावर चोरांनी घरातलेच जुने हुकूम उलटसुलट जोडून वापरण्याची युक्ती काढली. तिचा नमुना १९९७ सालीच जाहीर झाला होता. म्हणून पुढे हुकूम ठेवण्याच्या जागाच दर वेळी बदलू लागल्या.

एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१४ साली काढून घेतला आणि विंडोज १० वरचा एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. पण तक्रार मेली नाही, तिने रूप बदलले. हल्लीचा ब्राउझर वेग वाढवण्यासाठी पानांतल्या जावास्क्रिप्टपासून स्वतःच सूचना तयार करतो आणि त्या चालवण्याची परवानगी विंडोजकडे रीतसर मागतो. २०१७ पासून विंडोजमध्ये 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन' नावाचे दालन आहे. त्यातले 'आर्बिट्ररी कोड गार्ड' हे बटण एखाद्या प्रोग्रामासाठी दाबले की ही परवानगीच नाकारली जाते. ठाकुर्लीच्या एका कॉलेजकुमाराने जास्त सुरक्षा म्हणून क्रोमच्या नावापुढची सगळी बटणे चालू केली होती. ब्राउझर उघडे, पण एकही पान उमटेना. 'विंडोज सिक्युरिटी'त 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन सेटिंग्ज', त्यात 'प्रोग्राम सेटिंग्ज', एवढ्या पायऱ्या उतरून तिथली क्रोमसाठीची ती नोंद काढली, ब्राउझर बंद करून उघडला, आणि काम झाले. मूळचा पहारा कायम होताच. ६४ बिटांच्या प्रोग्रामांवर तो विंडोज नेहमीच चालू ठेवते. आपल्या घरी पाहावयाचा असेल तर टास्क मॅनेजर उघडून 'डिटेल्स'मध्ये जावे, रकान्यांच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून 'डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन' हा रकाना निवडावा. कोणत्या प्रोग्रामावर पहारा आहे आणि कोणावर नाही, ते तिथे ओळीने दिसते.