पॉइंट टू-टूची दुर्बीण : किती पट, त्याआधी किती अंतर?

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिक कांस्यपदक पटकावले. दूरचित्रवाणीवर तो सामना पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला एका गोष्टीचे नवल वाटणे स्वाभाविक होते. इतक्या अचूक नेमबाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या त्या रायफलवर दुर्बीण नव्हती. मागे बारीक छिद्राचा डायॉप्टर आणि पुढे वर्तुळाकार कडी, एवढीच नेम धरण्याची सामग्री. या प्रकारात दुर्बिणीला नियमानेच मनाई आहे.

याच रायफलीचे पॉइंट टू-टू काडतूस ऑलिंपिकबाहेरच्या काही स्पर्धांत मात्र दुर्बिणीसह वापरले जाते. मेजावर रायफल टेकवून ५० मीटरवरील लक्ष्य भेदण्याचा 'बेंचरेस्ट' हा त्यांतला एक प्रकार. अमेरिकेतील एनआरएल-२२ या स्पर्धामालिकेत साधारणतः २५ ते १०० यार्डांदरम्यान ठेवलेली लहान लक्ष्ये ठरावीक वेळेत टिपायची असतात. काही स्पर्धांत हे अंतर २०० मीटरच्याही पुढे जाते. अशा ठिकाणी दुर्बीण ही अत्यावश्यक बाब ठरते आणि नेमक्या तिच्या निवडीतच नवखा नेमबाज चुकतो. दुकानात गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, "ही किती पट मोठे दाखवते?" वास्तविक पहिला प्रश्न हवा तो अंतराचा. गोळी किती अंतरावर मारायची आहे, हे ठरले की दुर्बिणीचे बहुतेक गुणधर्म आपोआप ठरत जातात.

काडतूस लहान, उतार मोठा

'रिमफायर' काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याचा आघात त्या कडेवर होतो. आज जगभर वापरले जाणारे पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे. त्याची शिशाची गोळी अवघ्या २.६ ग्रॅमची. अचूक नेमबाजीसाठीच्या काडतुसात तिचा प्रारंभीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीच्या स्थैर्यावर परिणाम होऊ शकतो. तो टाळण्यासाठी ही योजना.

या मंद वेगाची किंमत गोळीच्या उतारात मोजावी लागते. रायफलचा नेम ५० मीटरवर जुळवून घेतला, तर १०० मीटरवर गोळी वीस ते पंचवीस सेंटिमीटर खाली लागते. २०० मीटरवर ती दीड मीटरहून अधिक खाली गेलेली असते. वाराही तिला सहज ढकलतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने आडवी झुळूक आली, तरी ५० मीटरवर गोळी सुमारे २ सेंटिमीटर बाजूला सरकते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. या पार्श्वभूमीवर दुर्बिणीतून होणारी काही मिलिमीटरची चूकही महागात पडते.

न दिसणारी चूक

या चुकीचे मुख्य कारण म्हणजे पॅरॅलॅक्स. खगोलशास्त्रात यालाच पराशय म्हणतात. मोटारीत चालकाशेजारी बसलेल्या माणसाला वेगदर्शकाचा काटा चालकाला दिसतो त्याहून वेगळ्या आकड्यावर दिसतो. काटा आणि आकड्यांची तबकडी एकाच पातळीत नसतात, हे त्याचे कारण. दुर्बिणीतही नेमके हेच घडते. समोरच्या भिंगामुळे लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार होते आणि नेमाची फुली, म्हणजे रेटिकल, आपल्या ठरावीक जागी असते. दोन्ही एकाच पातळीत आल्या, तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी फुली लक्ष्यावरून हलत नाही. पातळी वेगळी असेल, तर रायफल स्थिर असूनही डोळ्याबरोबर फुली सरकते आणि नेमबाजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रतिमा कोठे तयार होईल, हे लक्ष्याच्या अंतरावर अवलंबून असते. शिकारीच्या मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या साध्या दुर्बिणी कारखान्यातच साधारण १०० यार्ड किंवा त्याहून अधिक अंतरासाठी जुळवलेल्या असतात. पॉइंट टू-टूचे काम बहुतांशी त्याच्या निम्म्या अंतरावर चालते.

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आणि ती जुळवलेली १०० मीटरसाठी, असे धरू. लक्ष्य ५० मीटरवर असेल आणि डोळा पार कडेला गेला, तर जास्तीत जास्त चूक भिंगाच्या त्रिज्येच्या निम्मी, म्हणजे १० मिलिमीटर होते. लक्ष्य २५ मीटरवर आणले, तर ती कमी न होता उलट १५ मिलिमीटरवर जाते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ मिलिमीटर आहे, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळते. प्रत्यक्षात डोळा नेहमीच पार कडेला जात नाही, त्यामुळे चूक यापेक्षा कमी असते. पण ती दर गोळीला वेगळी असते आणि म्हणूनच तिचा बंदोबस्त कठीण.

यावर उपाय दोन. एकाच अंतरावर आणि हौसेपुरते खेळायचे असेल, तर रिमफायरसाठी म्हणून ५० यार्डांच्या आसपास जुळवलेली साधी दुर्बीण पुरते. अंतर बदलत असेल किंवा मिलिमीटरचा हिशेब असेल, तर पॅरॅलॅक्स जुळवण्याची सोय असलेलीच घ्यावी. ही सोय पुढच्या भिंगाभोवतीच्या कडीत किंवा डाव्या बाजूच्या चकतीत असते. येथे एक गोष्ट तपासणे अगत्याचे आहे. ही जुळवणी किती जवळच्या अंतरापर्यंत येते? काही महागड्या दुर्बिणी ५० मीटरच्या आत येतच नाहीत, तर त्यांहून स्वस्त अशा काही १० मीटरपर्यंत येतात. पॉइंट टू-टूसाठी दुसऱ्या जातीचीच उपयोगी.

पटींचा मोह

यानंतर येतो पटींचा प्रश्न. लक्ष्य जितके मोठे दिसेल तितका नेम अचूक, हा समज अर्धाच खरा आहे. प्रतिमा मोठी होताना हाताचा कंप आणि तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते. दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि वेळेच्या बंधनात लक्ष्य शोधतानाच सेकंद निघून जातात.

प्रकाशाचेही गणित आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो. ४० मिलिमीटरचे भिंग १० पटींवर ४ मिलिमीटरचा झोत देते. ४० पटींवर तो अवघा १ मिलिमीटर उरतो. दिवसाउजेडी डोळ्याची बाहुली साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. झोत त्याहून बारीक झाला, की प्रतिमा अंधूक होते आणि डोके जराही हलवण्याची मुभा राहत नाही.

म्हणून उपयोगाप्रमाणे निवड वेगळी. बेंचरेस्टमध्ये रायफल टेकवलेली, अंतर एकच आणि लक्ष्य ठरलेले. तेथे ३६ किंवा त्याहून अधिक पटींच्या दुर्बिणी सर्रास दिसतात. वेगवेगळ्या अंतरांवरील लक्ष्ये टिपायची असतील, तर ४ ते १६ किंवा ५ ते २५ पटींची बदलती दुर्बीण सोयीची. अशी दुर्बीण घेताना वरच्या आकड्याइतकेच खालच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे, कारण लक्ष्य शोधण्याचे काम तोच करतो.

रेटिकल कोणत्या पातळीत बसवले आहे, हाही याच अनुषंगाने येणारा मुद्दा. ते पहिल्या पातळीत असेल, तर पटींबरोबर खुणाही लहानमोठ्या होतात आणि त्यांची मापे कोणत्याही पटीवर खरी राहतात. दुसऱ्या पातळीत असेल, तर रेषा कायम बारीक राहतात. मात्र खुणांचे माप एकाच पटीवर, बहुधा सर्वांत वरच्या, खरे असते. खुणांनी उतार भरून काढणाऱ्याने पहिली, एका अंतरावर स्थिर खेळणाऱ्याने दुसरी निवडावी.

क्लिकची भाषा

नेम वरखाली व डावीउजवीकडे सरकवण्यासाठी दुर्बिणीवर दोन गोल चकत्या असतात आणि त्या 'क्लिक' करीत फिरतात. एका क्लिकचे माप दोन पद्धतींनी देतात. मिलिरेडियन पद्धतीत बहुधा एका क्लिकला ०.१ मिलिरेडियन, म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर आणि ५० मीटरवर ५ मिलिमीटर. दुसऱ्या पद्धतीत अंशाचा साठावा भाग, म्हणजे मिनिट, हे एकक असते. पाव मिनिटाचा क्लिक ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर आणि अष्टमांश मिनिटाचा १.८ मिलिमीटर सरकवतो. दहाच्या वर्तुळात गोळी मध्यावर आणायची असेल, तर ५ मिलिमीटरची पायरी मोठीच ठरते. म्हणून बेंचरेस्टवाले अष्टमांश पसंत करतात. अंतरे बदलत असतील, तर दशमान हिशेबामुळे मिलिरेडियन सुटसुटीत पडते. चकत्या आणि रेटिकलच्या खुणा एकाच पद्धतीच्या असाव्यात, एवढे मात्र कटाक्षाने पाहावे.

चकती एकूण किती फिरते, हेही विचारायला हवे. २०० मीटरसाठी पॉइंट टू-टूला नळीच्या रेषेपासून सुमारे ११ मिलिरेडियनचा कोन लागतो. दुर्बिणीचा एकूण प्रवास २० मिलिरेडियन असेल, तर मध्यापासून वर केवळ १० हाती येतात. दुर्बीण उत्तम असूनही नेम तेथवर पोहोचतच नाही. यावर उतार असलेली पट्टी मिळते. २० मिनिटांच्या उताराची पट्टी सुमारे ५.८ मिलिरेडियनची भर घालते. केवळ ५० मीटरवर खेळणाऱ्याला तिची गरज नाही.

बसवणे आणि पारखणे

चांगली दुर्बीण वाईट बसवली, तर पैसे वाया जातात. अनेक पॉइंट टू-टू रायफलींवर ११ मिलिमीटर रुंदीची खाच असते. त्याच मापाच्या कड्या घ्याव्या लागतात. स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच आवळावेत; अतिरेकी आवळल्याने नळी चेपते. डोळे मिटून सहज पवित्रा घ्यावा आणि डोळे उघडताच पूर्ण गोल प्रतिमा दिसेल, अशा जागी दुर्बीण ठेवावी. फुलीची उभी रेषा ओळंब्याशी जुळवावी. रायफल केवळ १ अंश कलंडली, तरी २०० मीटरवर गोळी सुमारे ४ सेंटिमीटर बाजूला जाते.

पारख करण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. त्यासाठी रायफल रिकामी असल्याची आधी खात्री करून घ्यावी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता, डोके वरखाली करून पाहावे. फुली लक्ष्यावर फिरत असेल, तर ती थांबेपर्यंत पॅरॅलॅक्सची चकती फिरवावी. चकतीवर छापलेल्या अंतरापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वासार्ह. दुसरी परीक्षा क्लिकची. ५० मीटरवर उभी मोजपट्टी लावून ०.१ मिलिरेडियनचे १०० क्लिक फिरवले, तर फुली बरोबर ५० सेंटिमीटर सरकायला हवी आणि तितकेच उलट फिरवल्यावर मूळ जागी परतायला हवी. जी परतत नाही, ती कितीही स्वच्छ दिसत असली तरी अचूक कामाची नाही.

पॉइंट टू-टूचा धक्का सौम्य असल्याने मोठ्या रायफलींच्या जोरदार धक्क्यासाठी केलेल्या दणकट बांधणीवर जास्तीचा खर्च करण्याचे कारण नाही. वाचलेले पैसे एकसारख्या वेगाच्या काडतुसांवर घालावेत. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर २०० मीटरवर त्या वरखाली दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतराने लागतात आणि ही तफावत कोणतीही दुर्बीण भरून काढू शकत नाही.

आपल्याकडे पॉइंट टू-टू रायफल बाळगण्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, हे सांगणे नलगे. कुसाळे यांचे यश पाहून मुलामुलींना रायफल नेमबाजीकडे वळवू इच्छिणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा प्रवास सहसा १० मीटर एअर रायफलपासून सुरू होतो आणि त्या स्पर्धेतही डायॉप्टरच चालतो. दुर्बिणीवर खर्च केलेला पैसा तेथे निरुपयोगी ठरतो. ज्यांना बेंचरेस्टसारख्या प्रकारांकडे जायचे आहे, त्यांनी आधी आपले अंतर कागदावर लिहावे. त्या अंतरावर पॅरॅलॅक्स जुळते का, क्लिक किती बारीक आहे आणि प्रवास पुरतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पटींचा आकडा विचारावा.